फायरप्लेसभोवतीच्या फटी: नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

"नागपुरात फायरप्लेस?" असं हसून विचारणाऱ्याला मी २९ डिसेंबर २०१८ची पहाट आठवून देतो. पारा ३.५ अंशांवर आला होता. त्या आठवड्यात सिव्हिल लाइन्समधल्या तीन घरांतून फोन आले आणि तिन्हीकडची तक्रार एकच होती: कित्येक वर्षांनी फायरप्लेस पेटवली आणि धूर धुराड्यातून जायच्या ऐवजी भिंतीतून निघाला.

जुन्या घरांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम. १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, साहेब लोकांसाठी बंगले उठले, आणि थंडीचे जेमतेम दोन महिने असूनही त्यांनी बैठकीच्या खोलीत फायरप्लेस बांधून घेतल्या. त्यातल्या काही अजून आहेत. शिवाय चिखलदरा, पचमढीला घर असलेले नागपूरकर आहेत आणि हल्ली फार्महाउसवर हौसेनं नवी बांधून घेणारेही आहेत. सगळे थोड्याफार फरकानं हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

फट तर सगळ्याच जुन्या भिंतींना असते. धोक्याची कोणती, हे ओळखायचं कसं?

फटीच्या पलीकडे काय आहे, त्यावरून. पलीकडे नुसती वीट असेल तर घाई नाही. लाकूड, वायर, पोकळी किंवा शेजारची खोली असेल तर ती फट बुजेपर्यंत आग पेटवू नका.

घरच्या घरी करायची एक तपासणी सांगतो. रात्री खोलीतले दिवे बंद करा. एकानं चांगला प्रखर टॉर्च आगीच्या कप्प्यात आत घालून वर, मागे, बाजूला फिरवायचा. दुसऱ्यानं बाहेर उभं राहून भिंत पाहायची, शेजारच्या खोलीतूनही पाहायची. एका बंगल्यात आम्ही हे केलं तेव्हा बैठकीत काहीच दिसलं नाही. घरातल्या आजी मात्र पलीकडच्या खोलीतून ओरडल्या, "अरे, इकडे उजेड येऊन राहिला!" पुस्तकांच्या कपाटामागे, भिंतीवर वीतभर लांबीची उजेडाची रेघ उमटली होती. कपाट सरकवलं तर त्याच्या पाठीची प्लायवूड तपकिरी होऊन फुगलेली. त्या घरात तीन हिवाळे आग पेटत होती.

उजेड वळणावरून जात नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी अगरबत्ती घ्या. कप्प्यात चार कागद पेटवून धुराडं तापवा, मग पेटती अगरबत्ती बाहेरून प्रत्येक सांध्यापाशी धरा. धूर फटीकडे ओढला गेला तर तिथून हवा आत जाते आहे. उलट धूर तुमच्याकडे ढकलला गेला तर आतला वायू खोलीत येतो आहे. हे दुसरं जास्त वाईट.

इतकं मजबूत बांधकाम, मग फटी पडतातच का?

पश्चिम नागपूरच्या बऱ्याच भागात पायाखाली काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तेच घराखाली घडतं, फक्त दिसत नाही.

फायरप्लेस आणि धुराडं मिळून विटांचा एक जाडजूड खांबच होतो. त्याचं वजन बाजूच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त, आणि पुष्कळदा त्याचा पाया वेगळा घातलेला असतो. म्हणून भिंत एका गतीनं वरखाली होते आणि हा खांब दुसऱ्या गतीनं. दोघांच्या मधल्या सांध्यावर ताण येतो. खालून वर सरळ गेलेली, वर रुंद होत जाणारी भेग दिसली की समजायचं, खांब भिंतीपासून झुकतो आहे.

याशिवाय उष्णतेच्या फटी असतात. कप्प्याच्या मागच्या भिंतीतले सांधे दर हिवाळ्यात तापून फुगतात, निवून आक्रसतात आणि हळूहळू भुसभुशीत होऊन गळतात. सळईनं खरवडलं की रेतीसारखा चुरा पडतो. या फटी मातीमुळे नाहीत आणि त्यांचा इलाजही वेगळा.

माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे. हलणारी फट आणि स्थिर फट एकाच मालानं भरायला गेलं की पैसे वाया जातात, आणि वरून "काम झालं" असं खोटं समाधान मिळतं.

फट हलते आहे की थांबली आहे, हे कसं कळेल?

भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना पीओपीनं चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. काच तडकली तर फट हलली. काच नको असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीचे दोन ठिपके काढा आणि त्यांतलं अंतर पट्टीनं मोजून वहीत लिहा.

मोजायचं केव्हा, ते महत्त्वाचं. एकदा मेच्या शेवटी, माती सगळ्यात कोरडी असते तेव्हा. एकदा सप्टेंबर संपताना, माती पाण्यानं भरलेली असते तेव्हा. दोन आकड्यांत फरक नसेल तर भेग जुनी, मेलेली आहे. फरक एक-दोन मिलिमीटर असेल तर भेग दरवर्षी श्वास घेते आहे. त्याहून जास्त असेल, किंवा आकडा दरवर्षी वाढतच असेल, तर फट भरायचा विचार सोडा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाया दाखवा. अनेकदा खरं कारण बाहेर सापडतं: छताचं पाणी धुराड्याच्या पायाशीच पडत असतं, किंवा अंगणातला नळ वर्षभर तिथे ठिबकत असतो. पाणी दुसरीकडे वळवलं की अर्धं दुखणं संपतं.

आमचा मिस्त्री म्हणतो, "साहेब, एक-चारचा माल मारून देतो." चालेल का?

एक भाग सिमेंट, चार भाग रेतीचा हा माल बाहेरच्या छपाईला चालेल. आगीच्या कप्प्यात नाही.

साधं सिमेंट घट्ट होतं तेव्हा त्यात चुन्याचा एक घटक तयार होतो. साधारण ४०० ते ५०० अंशांला तो फुटतो आणि पाणी सोडतो. आग विझल्यावर तोच भाग हवेतला ओलावा पुन्हा ओढून फुगतो. असं चार-पाच वेळा झालं की भरलेला माल पोपडा धरून बाहेर येतो. मिस्त्री वाईट नसतो हो, त्यानं आयुष्यभर भिंती बांधल्या, भट्टी नाही बांधली.

पीओपी तर त्याहून लवकर मरतं, शंभर-दीडशे अंशांतच त्यातलं पाणी उडायला लागतं. पुट्टीचंही तेच. आणि खिडक्यांच्या चौकटीत मारतात तो फुगणारा पिवळा फोम कोणी फायरप्लेसभोवती मारला असेल तर आजच खरवडून काढा. तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. एका नव्या घरात मँटलच्या, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळी-चौकटीच्या, मागे तो फोम भरून वरून रंग दिलेला मी पाहिला आहे. बाहेरून काम इतकं सुबक होतं की शंका यायचं कारणच नव्हतं.

मग कुठल्या फटीत काय भरायचं?

आगीच्या कप्प्याच्या आत, विटांच्या सांध्यांत: फायरक्लेचा मसाला, म्हणजे भट्टीचं काम करणारे वापरतात तो. यात दोन प्रकार मिळतात. एक नुसत्या हवेनं घट्ट होतो, दुसऱ्याला घट्ट व्हायला भट्टीची भाजणी लागते. घरच्या फायरप्लेसला पहिला घ्या, कारण घरात तेवढी उष्णता कधी होतच नाही आणि दुसरा कायम मऊ राहतो. दुकानदाराला हे स्पष्ट विचारा, त्याच्याकडे बहुतेक गिऱ्हाईक कारखान्याचं असतं आणि तो सवयीनं दुसरा देतो. वीटच फुटली असेल तर आयएस ८ (भारतीय मानक) प्रतीची फायरब्रिक, म्हणजे धग सोसणारी वीट, सांगा. तिचं ठरलेलं माप ९ × ४.५ × ३ इंच आहे. साधी लाल वीट तिथे लावू नका.

कप्प्याची कड आणि बाहेरची चौकट यांच्यामधली फट, तसंच लोखंडी पट्टी किंवा डँपरची (धुराडं उघडायच्या-बंद करायच्या झडपेची) चौकट विटांना टेकते तिथली फट: इथे लोखंड आणि वीट वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून कडक माल टिकत नाही. भट्टीच्या दाराला लावतात तो दोर भरा. ग्लास फायबरचा दोर साधारण ५५० अंशांपर्यंत चालतो, सिरॅमिक फायबरचा त्याच्या दुपटीहून जास्त. दोर फटीपेक्षा पाव हिस्सा जाड घ्यायचा आणि दाबून बसवायचा. १० मिलिमीटरची फट असेल तर १२ किंवा १३चा दोर.

धुराड्याचा खांब आणि खोलीची भिंत यांच्यातली श्वास घेणारी भेग: मागे दोर, पुढे उष्णता सोसणारं सिलिकॉन. लाल रंगाचं, २५० अंशांच्या आसपास झेपणारं मिळतं, ते इथे पुरतं, कारण एवढ्या दूर आगीची थेट धग येत नाही. आगीच्या कप्प्यात मात्र तेही नको.

आता यातली एक खुबी. काम बहुतेक जण दिवाळीच्या आगेमागे काढतात. तेव्हा माती फुगलेली असते आणि भेग सगळ्यात अरुंद असते. त्या मापाचा दोर घेतलात तर मे महिन्यात तो सैल पडून खाली घसरेल. दोराची जाडी मेच्या मापावरून ठरवा, बसवा ऑक्टोबरमध्ये. थोडा जोर लावावा लागेल, लावा.

हा माल नागपुरात मिळतो कुठे?

दोर आणि सिलिकॉन इतवारीत, लोहाओळीच्या बाजूला विचारलं तर मिळून जातं. फायरब्रिक आणि मसाल्यासाठी हिंगणा एमआयडीसीकडे भट्ट्यांना माल पुरवणाऱ्यांना गाठा. ते गोणीनं देतात, आपल्याला लागतो डबाभर. ओळखीचा भट्टीवाला असेल तर उरलेला मसाला मागून घ्या, पण गोणी केव्हा फोडली ते विचारा. दमट झालेला मसाला कामाचा नाही.

सांधे आम्हीच भरू शकतो का?

कप्प्याच्या आतले, हात पोचेल तिथले, हो. एका रविवारचं काम आहे.

कप्पा आधी ब्रशनं स्वच्छ करा, काजळीवर मसाला धरत नाही. सैल झालेला जुना माल छिन्नीनं किमान २० मिलिमीटर खोल खरवडून काढा. वरवर लिंपलेली अर्ध्या सेंटिमीटरची थर-पट्टी पहिल्या आगीतच गळते. धूळ फुंकून काढा, नंतर सांधा ओल्या ब्रशनं पुसा. पाणी ओघळू देऊ नका, पण वीट कोरडीही ठेवू नका, ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते. मसाला श्रीखंडाइतका घट्ट कालवायचा आणि सुरीच्या पात्यानं दाबत दाबत आत भरायचा. नवी वीट बसवताना सांधा दोन-तीन मिलिमीटरचाच ठेवा. फायरब्रिकचं काम पातळ सांध्याचं असतं, आपल्या नेहमीच्या अर्ध्या इंची मालाचं नाही.

मग दोन दिवस हात लावू नका. तिसऱ्या दिवशी चार काटक्यांची आग, अर्धा तास. चौथ्या दिवशी त्याच्या दुप्पट. पाचव्या-सहाव्या दिवशी नेहमीची. पाहुणे यायचेत म्हणून पहिल्याच संध्याकाळी ओंडके रचलेत तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन सांधे फटाफट उडतील.

बंगला चुन्यात बांधलेला असेल तर बाहेरच्या बाजूचे सांधे चुना आणि कन्हानच्या रेतीनंच भरा. जुन्या नरम विटांमध्ये कडक सिमेंट भरलं की सांधा टिकतो आणि वीट फुटते.

मँटलची सागवानी फळी शंभर वर्षं टिकली आहे. आता काय होणार तिला?

हा युक्तिवाद मी फार ऐकतो. सागवान शंभर वर्षं टिकलं, पण त्याच्या मागची फट शंभर वर्षांपूर्वी नव्हती.

लाकूड पेटायला साधारण २५० ते ३०० अंश लागतात, हे नव्या लाकडाचं. तेच लाकूड वर्षानुवर्षं शंभर-सव्वाशे अंशांत भाजत राहिलं तर ते आतून कोळशासारखं होत जातं आणि पुढे त्याहून बऱ्याच कमी तापमानाला धुमसायला लागतं. ज्वाला लागायची गरजच नसते. मागे एका घरात आम्ही फळी उतरवली. पुढून पॉलिशची चकाकी, आणि मागच्या बाजूला दोन बोटं रुंद काळा पट्टा. नखानं दाबलं की आत जायचं. वरच्या फटीतून गेलेल्या काही लग्नपत्रिका तिथे अडकून पडल्या होत्या, त्यांच्या कडा जळलेल्या. मँटलवर पत्रिका उभ्या करून ठेवायची सवय, त्यातल्या घसरल्या त्या गेल्या आत.

अंतराबद्दल आपल्याकडे घरगुती फायरप्लेसची परंपराच तुटपुंजी, म्हणून मी अमेरिकेतले नियम वापरतो. तिथे आगीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड लावू देत नाहीत. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात लाकूड लावता येतं, पण अंतराच्या एक-अष्टमांशापेक्षा ते जास्त पुढे आलेलं नको: ८ इंच दूर असलेली पट्टी १ इंचच बाहेर येऊ शकते. आपल्या जुन्या मँटलच्या कोरीव कडा बहुतेक या हिशेबात बसत नाहीत. फळी वर सरकवा किंवा तिच्या खाली मधे हवा खेळेल असा पत्रा लावा. कोरीव काम तोडायचं मी सांगत नाही, मलाही जीव होत नाही.

आगीपुढची फरशी आणि जमीन यांच्यामध्ये फट आहे. ती तर किरकोळ ना?

तळमजल्यावर, खाली मुरूम आणि दगड असेल तर किरकोळ. मसाल्यानं भरून टाका.

माडीवर असेल तर मात्र ती घरातली सगळ्यात वाईट फट आहे. जुन्या माड्यांची जमीन कडीपाटाची असते, म्हणजे फरशीखाली सागवानी कड्या आणि पाट. ठिणगी किंवा वाटाण्याएवढा निखारा फटीतून खाली गेला तर तो पाटावर राखेत पडून रात्रभर धुमसू शकतो आणि पहाटे, सगळे झोपेत असताना, पेट घेऊ शकतो. खालच्या खोलीचं छत उघडून वरून आलेली राख आहे का ते पाहा. आढळली तर फायरप्लेस बंद, काम होईपर्यंत.

फरशी किती पुढे असावी? वरच्याच नियमांप्रमाणे, तोंड ६ चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर पुढे किमान १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच. तोंड त्याहून मोठं असेल तर २० आणि १२. सतरंजी किंवा गालिचा या हद्दीत येतो का, हेही बघून घ्या.

छपरापाशी कवेलू आणि धुराड्यामध्ये मोठी फट आहे. पाऊस आत येतो. पक्की बुजवू का?

पाऊस अडवा, पण लाकूड धुराड्याला चिकटवू नका. घराच्या आतून जाणाऱ्या विटांच्या धुराड्यापासून वासे, बल्ल्या, रीपा दोन इंच दूर हव्यात. ती दोन इंचाची जागा मुद्दाम सोडलेली असते. गळती थांबवण्याच्या नादात नेमकी तीच जागा फळ्या ठोकून बंद केलेली मी दोनदा पाहिली. पत्र्याची झालर धुराड्याच्या सांध्यात खोचून कवेलूवर पसरवा, पाणी बाहेर जाईल आणि जागा मोकळी राहील.

माकडांनी कवेलू सरकवले की धुराड्याच्या डोक्यावरच्या विटाही हलतात. पावसाळ्यापूर्वी कवेलू चाळायला माणूस चढतो, त्यालाच वरचे सांधे बघायला सांगा.

फटीत आधीच पांढरट, तंतू निघणारा दोर आहे. काढून टाकू?

खरवडू नका, ओढू नका. जुन्या कामात तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की निघत नाहीत. दोर शाबूत असेल तर त्याच्यावरून मसाल्याचा थर देऊन झाकून टाकणं बरं. काढायलाच हवा असेल तर पाण्यानं पूर्ण भिजवून, चांगला मास्क लावून, पिशवीत बंद करून, आणि शक्यतो माहीतगार माणसाकडून.

फार्महाउसवर धुराडं म्हणून एसी पाइप, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पाइप लावतात, त्यातही ॲस्बेस्टॉस असतं. शिवाय तापला की तो धडाक्यानं फुटतो. तो बदलाच.

ग्रॅनाइट लावून जुन्या फटी झाकल्या तर?

झाकल्या जातील, बुजणार नाहीत. आणि ग्रॅनाइट थेट धगीत तडकतं, ते चिकटवणारा एपॉक्सी त्याआधीच मऊ पडतो. बाहेरच्या चौकटीला, धगीपासून दूर लावा हवं तर.

टीव्ही वर लावायचा आहे. वायर त्या भेगेतूनच नेली तर भिंत फोडावी लागणार नाही, असं इलेक्ट्रिशियन म्हणतो.

नको. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. धुराड्याच्या खांबावरची भिंत तासभराच्या आगीनंतर हाताला चटका देते. वायर खांबाला वळसा घालून न्या. टीव्हीसुद्धा दुसऱ्या भिंतीवर न्या, असं मी सांगतो, पण आजवर कोणी ऐकलेलं नाही.

सगळ्या फटी भरल्या, तरी धूर खोलीत येतोच. का?

कारण धूर फटीमुळे येत नव्हता. धुराड्याला ओढ नाही. पहिल्यांदा डँपर उघडा आहे का बघा (हसू नका). मग वर पोळं, घरटं, पानं अडकलीत का ते पाहा. मधमाश्यांचं पोळं असेल तर खाली धूर करून त्यांना उठवण्याचा अघोरी प्रकार करू नका. मेणच पेटतं.

पुढे हिशेब. धुराड्याच्या आतल्या नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण एक-दशांश हवं. कोणी नूतनीकरणात तोंड मोठं करून घेतलं असेल तर ते बिघडतं. आणि धुराडं छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर, शिवाय आजूबाजूच्या १० फुटांत जे काही असेल त्याहून २ फूट उंच हवं. शेजारी तीन मजली अपार्टमेंट उठलं आणि तेव्हापासून धूर यायला लागला, ही सिव्हिल लाइन्स-धरमपेठची नेहमीची कथा. त्याला फटीचा इलाज नाही.

थंडी येऊ नये म्हणून दारं-खिडक्यांच्या फटीही चिकटपट्टीनं बंद केल्या. बरोबर ना?

अजिबात नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आग हवा खाते. खोली बंद केली की तिला हवा कमी पडते, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतो आणि शरीर गुदमरत असतं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गळाठा. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच डोकेदुखी सुरू झाली आणि अंगणात गेल्यावर बरं वाटलं, तर तो पित्ताचा त्रास नाही. सगळ्यांना बाहेर काढा, दारं उघडा, १०८ला फोन करा. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

म्हणून आग चालू असताना एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत घेऊन झोपायचीच नाही, तिला धुराडंही नसतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. ईएन ५०२९१ (युरोपीय मानक) लिहिलेला घ्या. त्या मानकाप्रमाणे हवेत दहा लाखांत ३०० भाग वायू झाला तर तो तीन मिनिटांच्या आत वाजतो, आणि ५० भागांवर तास-दीड तासात. झोपायच्या खोलीत एक लावा. आतला सेन्सर काही वर्षांनी संपतो, डब्यावरची मुदत बघत जा.

आम्हाला ती वापरायचीच नाही. कायमची बंद करून टाकू?

करा, पण दोन्ही टोकं हवाबंद करू नका. पावसाळ्यात आत ओल साचते आणि काजळीचे पिवळट-तपकिरी डाग भिंतीवर फुटतात. वर पावसाची टोपी, खाली बंद केलेल्या तोंडात बारीक जाळी. जाळी बारीकच हवी, पाली आणि विंचू मोठ्या जाळीला जुमानत नाहीत.

आमच्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक फायरप्लेस आहे. तिच्याभोवती फट दिसते, इंटिरिअरवाल्यानं सिलिकॉननं भरून दिली.

काढायला लावा. इथे उलटा मामला आहे. ती फट कंपनीनं हवा खेळण्यासाठी ठेवलेली असते. किती आणि कुठे, ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका बहुतेक खोक्याबरोबर भंगारात जाते, तेवढी वाचवा.

लाकूड कोणतं वापरावं?

बाभूळ चांगली, वर्षभर वाळलेली. ओल्या लाकडाच्या धुरातून धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि एखाद्या रात्री तोच पेटतो. धुराड्यातली आग रेल्वे गेल्यासारखी घरघरते. अशा वेळी बारीकशी फटही आगीला वाट देते. फर्निचरवाल्याकडचे प्लायवूड, सनमायकाचे तुकडे जाळू नका. सरपणाला टोचून ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, आकडा २०च्या खाली हवा.

रात्री झोपताना डँपर बंद करायचा का? थंड हवा येते वरून.

निखारे पूर्ण विझेपर्यंत नाही. वरून राख दिसली तरी खाली निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो, आणि डँपर बंद असेल तर त्याचा वायू खोलीतच राहतो. सकाळी राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा, बादली अंगणात, फरशीवर ठेवा. प्लास्टिकच्या घमेल्यात काढलेली राख, घमेल्याला पडलेलं भोक आणि खाली करपलेलं कारपेट, हे मी माझ्या सासुरवाडीलाच पाहिलं आहे.